थोरला भाऊ अजून अंगणातच आहे

(इंदूरमधल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी,

बोलायला उभं राहिलं की सगळेच हा शब्द वापरतात. माझ्या तोंडी तो आला की आणखी एक अर्थ बरोबर घेऊन येतो. मराठी पवित्र शास्त्रात चर्चला ‘मंडळी’ म्हटलंय. म्हणजे इमारतीला नव्हे, तिथे जमणाऱ्या माणसांना. लहानपणी नगरला पाळकसाहेब उपासनेत ‘मंडळीसाठी प्रार्थना करू या’ म्हणायचे, आणि घरी आजोबा ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणून स्वतःच चहा टाकायचे. चर्च, श्रोते आणि आजी, तिघं एकाच शब्दात मावायची. ख्रिस्ती बाईला मराठीत कादंबरी लिहायला हाताशी काय आहे, असं कुणी विचारलं तर मी आधी हा शब्द पुढे करते.

लग्न होऊन इंदुरात आले तेव्हा नेमका तोच हरवला. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे १८७७मध्ये सुरू झालं, आपलं ख्रिश्चन कॉलेज १८८७चं. माझ्या सासरची माणसं ज्या चर्चमध्ये जातात तिथली उपासना हिंदीत. मंडळीची कलीसिया झाली, येशू ख्रिस्ताचा यीशु मसीह झाला, शुभवर्तमानाचा सुसमाचार झाला. देव तोच होता, पण पहिली दोन वर्षं मी प्रार्थना मनात मराठीत जुळवायची आणि मग ओठांवर हिंदीत आणायची. घरी यावं तर शेजारच्या काकू जिन्यातून विचारायच्या, ‘काय करून राहिलीस गं?’ होळकरांच्या वेळेपासून इथे राहिलेल्या घरातली ती मराठी. तिचा कानाला सराव व्हायलाही वेळ गेला. नगरची मराठी, मिशनची मराठी, इंदुरी मराठी आणि चर्चची हिंदी, या चौघींच्या मधे उभी राहून मी लिहायला लागले. माझ्या पात्रांना मी एकाच भाषेत बोलू देत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता आमच्या घराण्याबद्दल थोडं. घराणं म्हणजे लेखनाचं. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, गोव्यात आले, आणि १६१६मध्ये त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगणारी त्यातली ओवी आपण भाषादिनाला म्हणतोच. मला त्या ओवीपेक्षा त्यांनी ओवीच निवडली हे मोठं वाटतं. जी चाल ज्ञानेश्वरांपासून इथल्या कानात होती, त्याच चालीत त्यांनी आपली गोष्ट सांगितली. पुढे रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले. जपानचे ख्रिस्ती कादंबरीकार शुसाकु एंडो म्हणत की आपला धर्म म्हणजे आईनं लहानपणी अंगावर चढवलेला पाश्चात्त्य सूट आहे, तो काही केल्या मापाचा होत नाही, आणि तो उसवून किमोनो शिवणं हेच आपलं लेखन. वाचून मी हलले होते. पण आपल्याकडे ते शिवणकाम आमच्या आधीच्यांनी करून ठेवलंय. माझी अडचण कपड्याची नाही. माझी अडचण शेवटाची आहे. आज त्याबद्दलच बोलायला आलेय.

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती परीक्षेपुरती पाठ करतो आणि वाचत नाही. वाचा. लिहिणारा सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, बेळगावच्या कासार घरातला, तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालंय. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, आणि जिथं जातील तिथं त्यांना विधवा भेटतात. यमुना त्यांच्या हकिकती ऐकते.

मी स्वतः लिहायला लागल्यावर ती पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आलं की या पुस्तकात दोघंजण लिहितायत. एक ऐकणारा आणि एक समजावणारा. ऐकणारा ज्या पानावर असतो, तिथे त्या बायकांचा आवाज आजही कानाशी येतो. समजावणारा आला की बायका गप्प होतात आणि संवादाला प्रवचनाचा सूर लागतो. शेवटी विनायक जातो, यमुना ख्रिस्ती होते, तिचं पुन्हा लग्न होतं. त्या काळात विधवेला कागदावर का होईना दुसरं आयुष्य देणं ही केवढी हिंमत होती, हे मी विसरत नाही. पण ज्या पानांनी तिला आपलंसं केलं ती वाटेवरची पानं आहेत. नावातच पर्यटन आहे. मुक्कामाला पोचल्यावर कादंबरी संपलेली असते आणि पुस्तक थोडं पुढे चालू राहतं.

हे मी पदमनजींना शिकवत नाहीये. ही चूक मी केली, आणि त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी केली.

माझी दुसरी कादंबरी दोन भावांची होती. थोरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, धाकटा आईचे दागिने विकून मुंबईला पळालेला. सात वर्षांनी धाकटा परत येतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत मी नगर जिल्ह्यात आणला होता, हे तुम्ही ओळखलंच असेल. शेवटचं प्रकरण असं होतं की नाताळच्या उपासनेत थोरला उठतो, धाकट्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि दोघं एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. लिहिताना मी रडले होते. मला वाटलं होतं, जमलंय.

आई तेव्हा इंदूरला आली होती. ती आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स. साहित्यिक वाचन म्हणाल तर घरी येणारं ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक आणि पवित्र शास्त्र, बस. डिसेंबर होता, ती फराळाच्या शंकरपाळ्या कापत होती. एका हातानं कातणं फिरवायची, दुसऱ्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीखाली सरकवायची, कागदाला तुपाचे डाग. शेवटचं पान वाचून तिनं कातणं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘हा आत आलेला नाही गं. तू ह्याला ढकललायस.’

मी वाद घातला. ती काही बोलली नाही. पीठ झाकून ठेवलं, हात पुसले, आणि पवित्र शास्त्र उघडून माझ्यापुढे ठेवलं.

तो अध्याय मी शंभर वेळा ऐकलेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कादंबरीकार म्हणून वाचला. धाकटा परततो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, वासरू कापतात, इथवर सगळ्यांना माहीत असतं. मग थोरला शेतातून येतो. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून एका चाकराला विचारतो, हे काय चाललंय? स्वतःच्या घरात काय चाललंय ते त्याला चाकराकडून कळतं! तो रागावतो, आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. थोरला बोलताना ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘तुमचा हा मुलगा’ म्हणतो. इतकी वर्षं राबलो, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत, म्हणतो. उत्तर देताना बाप त्याचेच शब्द उचलतो आणि त्यातला फक्त एक बदलतो. ‘तुझा हा भाऊ’ म्हणतो. संवाद कसा लिहावा हे मला कुठल्या कार्यशाळेत याहून चांगलं शिकायला मिळालेलं नाही.

आणि तिथेच गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, येशूनं सांगितलेलं नाही. बाप अंगणात बोलतोय, आतून गाण्याचा आवाज येतोय, आणि थोरला उभा आहे. दोन हजार वर्षं तो तिथेच उभा आहे. हे सांगितलं गेलं ते नियमाने चालणाऱ्या, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या माणसांना. शेवट त्यांनी करायचा होता. पवित्र शास्त्रातलं योना संदेष्ट्याचं पुस्तकही असंच देवाच्या प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर आपल्याला मिळत नाही. माझ्या शास्त्रातली ही माणसं मोकळी सुटलेली आहेत, आणि मी मात्र माझ्या कंपाउंडरला हाताला धरून प्रभुभोजनाला बसवत होते. विश्वास आहे म्हणून बसवतेय असं मला वाटत होतं. खरं तर तो बसणार नाही ही मला भीती होती.

चाळीस पानं बाद केली. कादंबरी आणखी तीन वर्षं लांबली. आताच्या शेवटात थोरला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत बसलाय आणि चर्चमधून गीत ऐकू येतंय, एवढंच आहे.

त्यावर दोन्हीकडून बोलणी खाल्ली, आणि ती मनाला लागली. एका प्रकाशकानं आधीच हस्तलिखित परत पाठवलं होतं, ख्रिस्ती वातावरणाला वाचक थोडा म्हणून. दुसरीकडे ती छापून आल्यावर मंडळीतले एक वडील घरी आले आणि म्हणाले, ‘ताई, शेवटी कुणाचं तारण झालंच नाही की हो.’ वडील म्हणजे आमच्याकडे मंडळीचा कारभार पाहणारे, आणि तारण म्हणजे उद्धार. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, खरंखुरं दुःख होतं. मी त्यांना लूकचा अध्याय दाखवला. ते बराच वेळ वाचत राहिले, चहा गार झाला. पटलं असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला शास्त्रवाचनाला उभं केलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतल्याशिवाय मला बसता येणार नाही. त्या कादंबरीकार नव्हेत, पण घाई कशी करू नये हे मी ‘स्मृतिचित्रे’मधून शिकले. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली पाच वर्षं बघा. नवरा परका झालाय, लोकांची बोलणी आहेत, पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलेलं नाही, स्वयंपाकपाणी वेगळं आहे. हे सगळं त्या लिहितात तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन तीस वर्षं उलटून गेलेली आहेत. पहिला भाग १९३४ साली आला. एवढ्या काळानंतर, ‘मी तेव्हा अज्ञानी होते’ म्हणून त्या तरुण बाईला मोडीत काढणं किती सोपं होतं! त्या तसं करत नाहीत. सोवळं पाळणाऱ्या लक्ष्मीला त्या पूर्ण खरी राहू देतात, तिचा राग, तिचा हट्ट, तिचं रडणं सगळं तिच्या बाजूनं सांगतात. आज आपण जिथे पोचलो तिथून मागे वळून पात्राला दुरुस्त करायचं नाही, याला फार प्रेम लागतं. मी याला ख्रिस्ती लेखन म्हणते, क्रूस कुठल्या पानावर आलाय ते बघून नाही.

रोजचं विचाराल तर माझं टेबल स्वयंपाकघरात आहे. पहाटे पाचला बसते, पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहिते. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळे नळाच्या दिवशी टाक्या भरता भरता लिहिणं होतं आणि कागदांना पाणी लागतं. रविवारी लिहीत नाही. बावीस वर्षांत तीन कादंबऱ्या झाल्या. लिहायच्या आधी प्रार्थना करता का, असं मुलं विचारतात. करते. त्यात पानांची भीक नसते. समोरच्या माणसाचं ऐकायला मला धीर दे, एवढंच मागते, आणि ते मराठीत मागते.

सध्या एक बाई लिहितेय. खेड्यातल्या एका पाळकाची विधवा. नवरा गेल्यावर महिन्याभरात मिशनचं घर रिकामं करायचं आहे. पेट्या बांधून झाल्यात, बैलगाडी दारात आहे, आणि ती चुलीपाशी बसलीय, उठत नाही. मंडळीतल्या बायका बाहेर थांबल्यात, गीत म्हणायचं की नाही त्यांना कळत नाहीये. दीड महिना मी त्या चुलीपाशी बसून आहे. काल तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, गाडीवाल्याला चहा दिला का? उद्या नळाचा दिवस नाही, तासभर जास्त मिळेल.