मोह येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सध्या लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, दिवस चालू आहेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून ४० दिवस. आपल्या नाशकातल्या ख्रिस्ती घरांमध्ये कुणी मटण सोडलं असेल, कुणी चहा, कुणी रात्री अंथरुणात पडून मोबाइल बघणं. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग एखाद्या रविवारी उपासना संपून मंडळी पांगली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "पाळकसाहेब, देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली ना? मग मला स्वतःला का आवरता येत नाही?" हा प्रश्न बहुधा चहाचा नसतो. दारूचा असतो, हात उगारायला लावणाऱ्या संतापाचा असतो, फोनवर लपून बघितल्या जाणाऱ्या गोष्टींचा असतो. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

प्रश्न फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक विरक्त शिकवत असे की देवानं आज्ञा दिली, त्याअर्थी ती पाळण्याची ताकदही माणसात आहे. ठरवलं की झालं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. वासनेची पकड किती घट्ट असते, हे त्यांना स्वतःच्या तरुणपणावरून पुरतं ठाऊक होतं. माणसाला इच्छा आहे, पण ती आजारी आहे, कृपेनं हात दिल्याशिवाय ती उठून उभी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. अकराशे वर्षांनी विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक लूथर पुन्हा याच विषयावर भिडले. त्या वादात मी आज शिरत नाही. पण ४१८ साली नाकारलेली ती शिकवण आपल्या मंडळ्यांमध्ये अजून ठाण मांडून बसली आहे, असं मला फार वाटतं. दारू पिणाऱ्याला आपण काय सांगतो? "मनावर घे रे." आणि त्याच्या बायकोला? "तो मनावरच घेत नाही, त्याला आम्ही तरी काय करणार?"

येशूचा शिष्य पेत्र, त्यानं मनावर घेतलं नव्हतं का? शेवटच्या भोजनाच्या रात्री तो सगळ्यांदेखत म्हणाला, तुझ्याबरोबर मरावं लागलं तरी मी तुला नाकारणार नाही. तो अगदी मनापासून बोलत होता. त्यानंतर गेथशेमाने बागेत येशूनं त्याला एवढंच सांगितलं की जागा राहा आणि परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना कर. पेत्र झोपला. उठवल्यावर पुन्हा झोपला. काही तासांनी महायाजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी, एका दासीनं नुसतं विचारलं आणि त्याचा सगळा निर्धार गळून पडला. आपण त्या अंगणातल्या पेत्रावर बोट ठेवतो. मला वाटतं, पेत्र हरला तो बागेत. अंगणात फक्त निकाल लागला.

मोह समोर येऊन उभा राहतो, तेव्हा आपली इच्छा सगळ्यात दुबळी असते. निवड करायची वेळ त्याच्या पुष्कळ आधी येते आणि ती इतकी साधी असते की लक्षातही येत नाही. मिसरातल्या पोटीफर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरातला गुलाम योसेफ आठवा. पोटीफराची बायको मागे लागली, तेव्हा अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला, ते चित्र सर्वांना माहीत असतं. पण उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायात त्याच्या आधी लिहिलंय की ती रोज त्याच्यामागे लागे आणि तो तिच्याजवळ थांबायलाही तयार नसे. पळण्याच्या दिवशी त्याच्या पायांना सवय झालेली होती.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षबागा असलेल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. एप्रिलात काड्यांसाठीची खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. घड डोळ्यांना दिसतो ऑक्टोबरनंतर. पण तो ठरतो कधी? खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, आत. तेव्हा वेलीवर नुसती पालवी असते. त्या दिवसांत काड्यांची विरळणी राहिली, पाण्याचं गणित चुकलं, डोळ्यांना ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबरात कितीही धावपळ करा, घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. बायबलातल्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलानं आत्म्याच्या फळाची जी यादी दिली आहे, ती प्रीतीपासून सुरू होते आणि इंद्रियदमनावर संपते. संयम त्यानं फळात मोजलाय. फळ जोर लावून बाहेर ओढता येत नाही, पण बागेत राबल्यावाचून येतही नाही. आणि योहानाच्या १५व्या अध्यायात येशू सांगतो की मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यापासून वेगळे राहून तुम्हाला काही करता येणार नाही.

अंबडच्या एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ माझ्या चांगले ओळखीचे आहेत. पगार खात्यावर जमा होतो, पण एटीएम कार्ड बायकोकडे. पगाराच्या दिवशी सुटी झाली की गेटबाहेर मेव्हणा मोटरसायकल घेऊन उभा असतो. नेहमीचा रस्ता टाळायचा, कारण त्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे. आधी दोघं मिसळ खातात, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त उसळते. तिथून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, सभेला. त्यांची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आपण हतबल आहोत, हे कबूल करायचं. नातेवाइकांमध्ये चेष्टा होते, "एवढा बाप्या माणूस आणि बायकोकडे पैसे मागतो!" मी मात्र म्हणेन, त्यांच्याइतकी स्वतंत्र इच्छा वापरणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय. सकाळी डोकं ताळ्यावर असताना ते निवड करून मोकळे होतात. संध्याकाळसाठी काही शिल्लक ठेवत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा प्रार्थना कराच, पण आधी डॉक्टरांकडे जा. देवाची कृपा दवाखान्यातही काम करते.

आणि संयम म्हणजे नुसतं काहीतरी सोडणं, असं समजू नका. आपल्या नाशकातल्या शरणपूरचा इतिहास पाहा. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या ताफ्यात सामील झाला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा ताफ्यातल्या या लोकांना अडवणारं कुणी नव्हतं. तिथेच पुरून घरची वाट धरता आली असती. त्यांनी हृदय झाडाखाली पुरलं, जेकबनं प्रार्थना वाचली, आणि लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती चुमा व सुसी यांच्या पुढाकारानं देह उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून, हजारएक मैल चालत समुद्रापर्यंत नेला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथेच पुरा म्हणून सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीपाशी जेकब होता. ज्याला एकेकाळी साखळीत बांधून विकायला नेलं होतं, त्यानं आपल्या खुशीनं हा भार उचलला. पौल गलतीकरांना नेमकं हेच लिहितो: तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलंय, तर ते देहाच्या लाडांसाठी वापरू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा.

यातही पडणं-झडणं होणारच. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी येशूनं पेत्राला पुन्हा शपथ घ्यायला लावली नाही. न्याहारी दिली, माझ्यावर प्रीती करतोस का म्हणून तीनदा विचारलं आणि मेंढरं सांभाळायला सांगितली.

तेव्हा लेंटचे जे दिवस उरलेत, त्यांत मटण सोडा, चहा सोडा. पण आज झोपण्याआधी एका माणसाचं नाव ठरवा, ज्याला तुम्ही घसरल्यावर नाही, तर घसरायच्या आधी फोन कराल. त्याला तसं सांगूनही ठेवा. आणि असा फोन तुम्हाला आला, तर "मनावर घे" म्हणू नका. "कुठे आहेस? निघालोच," असं म्हणा.

नमस्कार.