भेरली माड मुलांना सांगताना

मित्रहो,

मुलांसाठी झाडांवर लिहिणारे आणि वर्गात झाडं शिकवणारे असे आपण सगळे इथे जमलो आहोत. मोघम बोलण्यापेक्षा मी सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातलं एकच झाड घेते, भेरली माड. कोकणातल्या मंडळींना तो ठाऊक आहे, काही जण त्याला सुरमाडही म्हणतात.

शाळेत झाडावर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे दोन वाटा ठरलेल्या. एक आत्मवृत्ताची. झाड बोलू लागतं, आपलं दुःख सांगतं आणि शेवटी ‘मला तोडू नका’ म्हणून हात जोडतं. दुसरी उपयोगांची. सावली, फळं, लाकूड, प्राणवायू. दोन्हींत आंब्याच्या जागी वड घातला तरी निबंध तोच राहतो. ज्या लेखात झाडाचं नाव बदलूनही काही बिघडत नाही, तो लेख त्या झाडावरचा नाहीच, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून मुलांना हे झाड काय काय करतं ते सांगावं, आणि ते ज्या क्रमाने करतं त्याच क्रमाने सांगावं.

भेरली माडाची सुरुवात पानापासून करा. नारळाची, सुपारीची झावळी एकदाच विभागलेली असते, मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना पात्या. भेरली माडाच्या दांड्याला फांद्यांसारखे उपदांडे फुटतात आणि पात्या त्या उपदांड्यांवर येतात. ताडकुळात असं दोनदा विभागलेलं पान फक्त याच्यात आणि याच्या जवळच्या भाऊबंदांत आढळतं. एक पान साडेतीन मीटरपर्यंत लांब होतं. त्याची एक पाती तोडून मुलाच्या हातात द्या. ती माशाच्या शेपटीसारखी तिरकी असते, टोकाची कड कुणी कुरतडल्यागत फाटकी, आणि नारळाच्या पातीत हिराची काडी असते तशी मधली ठळक शीर हिच्यात सापडत नाही. मूल ती शोधत बसतं. बसू द्या. उत्तर लगेच सांगायची घाई नको.

मग खोड. एकच, सरळ, फांदी नसलेलं, 18 मीटरपर्यंत वाढणारं. त्यावर ठरावीक अंतराने वळी दिसतात. एक वळं म्हणजे गळून गेलेल्या एका पानाची खूण. सागाच्या बुंध्यात वर्षांची वलयं असतात, तसं याचं नाही. इथे वर्षं मोजता येत नाहीत, पानं मोजता येतात. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला सहज कळतो.

आता या झाडाची खरी गोष्ट. साधारण 10-15 वर्षं हा माड फक्त वाढतो. फूल नाही, फळ नाही. या काळात तो खोडाच्या गाभ्यात पिठूळ साठा करत असतो. मग एके वर्षी नवं पान येणं थांबतं आणि अगदी शेंड्याजवळ पहिली पोय, म्हणजे फुलोऱ्याचा घोस, फुटते. तिच्यातून लांब, सरळ लोंबणाऱ्या असंख्य काड्या सुटतात, कधी कधी तीन मीटरपर्यंत. काडीवर फुलं तिघा-तिघांच्या गटात बसतात, दोन नर आणि मध्ये एक मादी. नर फुलं आधी उमलून गळतात, मादी मागाहून उमलते. त्यानंतरची पोय पहिलीच्या खाली येते, तिच्यानंतरची आणखी खाली. पाच-सात वर्षं फुलोरा असा वरून खाली उतरत राहतो. शेवटची पोय फळली की झाड मरतं.

इथे बरेच लिहिणारे हात आखडता घेतात. मुलांच्या लेखात मरण कशाला, म्हणून शेवटचं वाक्य गाळतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. मरण गाळलं की फुलोरा खाली का उतरतो हेच कळेनासं होतं. मूल विचारणारच, “ते का मरतं?” त्याला खरं उत्तर देता येतं. या खोडाला वाढीचं टोक एकच असतं आणि ते पानं घडवण्याचं थांबलेलं असतं. आयुष्यभर साठवलेला पिठूळ गाभा फुलाफळांवर खर्ची पडतो. पुन्हा पानं काढायला टोक नाही आणि साठाही उरत नाही. हे कुणी केलेलं नुकसान नाही, आजारही नाही. मुलांना हे पेलतं. आपणच उगाच घाबरतो.

उपयोगांचं म्हणाल तर ते थोडक्यात सांगा. माडी निघते, गूळ होतो, गाभ्यातलं पीठ माणसांनी खाल्लंय, केरळात पाळीव हत्तींना याची झावळं चारा म्हणून घालतात. पण फळाबद्दल नीट बजावा. पिकलेलं लाल फळ गोजिरं दिसतं, मात्र त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. हाताला, तोंडाला भयंकर खाज सुटते. धनेश आणि उदमांजर मात्र तीच फळं खातात आणि बी जंगलात दूरवर टाकतात.

शहरातल्या मुलांनाही हे झाड बागांमधून दिसेल, फक्त एक खातरजमा करा. एकाच बुडख्यातून अनेक खोडं आली असतील तर तो आग्नेय आशियातून आणलेला त्याचा भाऊबंद. आपला एकटाच उभा असतो. तसा सापडला की मुलांना सगळ्यांत खालचा घोस शोधायला लावा. तो शेंड्यालगत असेल तर झाडाची अजून काही वर्षं बाकी आहेत, बुंध्याजवळ आला असेल तर थोडीच. आणि खाली जमिनीवर रोपं आहेत का तेही बघायला सांगा. रोपाची पहिली पानं मोठ्या झाडासारखी दोनदा विभागलेली नसतात, त्यामुळे ती ओळखताना मोठी माणसंही चुकतात.