फुकट चांगलं वागतंय का कोण?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ख्रिस्ती धर्मातील प्रतिफळ, शिक्षा आणि नीती', ते वाचूनच निम्मी माणसं घरी थांबली असणार, पण मूळ प्रश्न अगदी साधा आहे बघा. एखादा माणूस मेल्यावर स्वर्ग मिळेल म्हणून चांगलं वागत असेल, किंवा नरकात जळायला नको म्हणून वाईट वागत नसेल, तर त्याला चांगला म्हणायचं का नुसता हिशेबी म्हणायचं?

बऱ्याच लोकांना वाटतं की हा प्रश्न नास्तिकांनी ख्रिस्ती लोकांची अडचण करायला काढलाय. तसं अजिबात नाही. हा प्रश्न बायबलमध्येच आहे आणि विचारणारा कोण, तर सैतान. ईयोबाचं पुस्तक उघडा, पहिलाच अध्याय. ईयोब म्हणजे गबर माणूस, सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे जोड्या बैल, दहा पोरं, नोकरचाकर, आणि एवढं सगळं असून देवभक्त. देव कौतुकानं सैतानाला म्हणतो, बघितलास का माझा ईयोब, असा माणूस पृथ्वीवर नाही. सैतान म्हणतो, तो काय फुकट भितो होय तुला? चहूबाजूंनी कुंपण घालून ठेवलंयस त्याच्याभोवती, सगळं काढून घे बघू एकदा, मग तोंडावर शिव्या घालतो का नाही बघ.

मला विचाराल तर अख्ख्या बायबलमधला हा सगळ्यात हुशार प्रश्न आहे. आणि गंमत अशी की देव त्याला हाकलून देत नाही, असले प्रश्न विचारायचे नसतात असं म्हणत नाही, तो परीक्षा मान्य करतो. म्हणजे फुकट केलेल्या चांगुलपणालाच खरी किंमत आहे हे तिथं देवालाही मान्य आहे आणि सैतानालाही, भांडण फक्त एवढंच की असा चांगुलपणा माणसात सापडतो का. पुढं ईयोबाचं सगळं जातं, अंगावर फोडं येतात, तो देवाशी कडाकडा भांडतो पण देवाला सोडत नाही. शेवटी मात्र पुस्तक माझी थोडी निराशा करतं, कारण त्याला सगळं दुप्पट परत मिळतं, चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट, परत दहा पोरं. पहिली दहा गेली ती गेलीच, त्यांच्याबद्दल शेवटी एक ओळ नाही. असो.

सैतानाचा हाच प्रश्न आपल्याकडं वेगळ्या कपड्यात फिरत आलाय. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आला, शाळा काढली, पुढं मिशनचे दवाखाने आले, मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी हॉस्पिटल उभं केलं, आणि जो कोण बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होईल त्याच्याबद्दल गावात एकच बोललं जायचं, पोटासाठी गेला. कुणी गेलेही असतील, नाही कुठं म्हणतोय मी. पण कवी नारायण वामन टिळकांचं काय करायचं? १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तर पदरात काय पडलं, नातेवाईक तुटले, जात तुटली, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. हिशेब करणारा माणूस असला हिशेब करत नाही. यावर शंकेखोर लगेच म्हणणार की इथं तोटा झाला तरी वर फायदा होणार होता की! आणि तिथं आपण परत मूळ मुद्द्यावर.

आता जरा कांट या जर्मन तत्त्वज्ञाकडं येऊ, पण घाबरू नका, लवकर सोडतो. १७८५ साली दोन पुस्तकं आली. एक कोनिग्सबर्गच्या इमॅन्युएल कांटचं आणि दुसरं इंग्लंडमधल्या विल्यम पेली नावाच्या पाद्र्याचं. पेलीनं सद्गुणाची व्याख्याच अशी केली की देवाच्या इच्छेला मान देऊन, चिरंतन सुखासाठी, माणसांचं भलं करणं. चिरंतन सुखासाठी, म्हणजे बिल वर पाठवायचं, सरळ लिहूनच टाकलंय त्यानं, लाज नाही काय नाही, आणि हे पुस्तक पुढं कित्येक वर्षं केंब्रिजला पोरांना शिकवलं गेलं. कांट त्याच वर्षी बरोबर उलटं म्हणत होता. त्याचं दुकानदाराचं उदाहरण आहे, की दुकानदार लहान पोराला पण योग्य भावानंच माल देतो, फसवत नाही, पण तो हे नाव खराब होऊ नये म्हणून करत असेल तर त्यात काय नीती नाही, ते धंद्याचं शहाणपण झालं. आपल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात हे कुणालाही पटेल. स्वर्गासाठी केलेलं दान म्हणजे तेच, फक्त गिऱ्हाईक मोठं. पण तीन वर्षांनी, १७८८ मध्ये, हाच कांट म्हणतो की सद्गुण आणि सुख यांचा मेळ कधीतरी बसलाच पाहिजे, आणि तो बसवायला देव आणि अमरत्व मानावं लागतं. चांगलं वागायला देव नको, पण चांगल्या माणसाची शेवटपर्यंत फरफट होणार असेल तर जगाला अर्थ राहत नाही, असं काहीसं. हे लक्षात ठेवा, मी याच्यावर परत येणार आहे.

येशू स्वतः काय म्हणतो? बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, त्याचा सहावा अध्याय. दान करताना कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. आता आपल्याकडं काय चालतं? देऊळ असो, चर्च असो, तालीम असो, वर पंखा बघा, पंख्याच्या पात्यावर ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं असतं, अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून. पंखा चालू असला की वाचता येत नाही, लाईट गेली की मग दात्याचं नाव दिसतं, म्हणजे दानाचा उपयोग बंद झाला की दाता प्रकट होतो! हसू नका, पुढची मेख तुम्हालाही मला पण टोचणारी आहे. कारण तोच येशू पुढच्याच वाक्यात म्हणतो की गुप्तपणे पाहणारा तुझा पिता तुला प्रतिफळ देईल. दान, प्रार्थना, उपास, तिन्ही ठिकाणी तेच. म्हणजे पंख्यावर नाव लिहू नको, पण नोंद होतीय. टीकाकार म्हणतात की हे तर जास्तच चतुर झालं, लोकांकडून थोडं घेण्यापेक्षा देवाकडून भरपूर घ्या. ख्रिस्ती माणसानं हे वाक्य नाहीच असं करून पुढं जाऊ नये, मी बऱ्याच प्रवचनात बघितलंय, त्या ओळीवरून गाडी कशी सुसाट जाते.

चर्चनं यावर विचार केला नाही असंही नाही, भरपूर केला, आणि निकाल कुठल्या बाजूला दिला ते बघा. प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो ल्यूथर १५२० साली म्हणत होता की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं फुकट मिळालंय, तेव्हा आता स्वतःसाठी काय मिळवायचं राहिलंच नाही, म्हणजे हात मोकळे झाले, शेजाऱ्यासाठी काय करायचं ते आता निव्वळ शेजाऱ्यासाठी करता येतं. मला हा विचार फार आवडतो, जरी पुढं त्याच्याच परंपरेत लोकांनी चांगल्या कामाच्या जागी विश्वास ठेवला आणि सौदा तोच चालू ठेवला, विश्वास द्या स्वर्ग घ्या. तिकडं कॅथोलिकांनी १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ठराव केला की शाश्वत प्रतिफळाकडं नजर ठेवून सत्कर्म करणं हे पाप आहे असं जो म्हणेल तो बहिष्कृत. आणि पुढं फ्रान्समध्ये फेनेलॉन नावाचा आर्चबिशप उभा राहिला, १६९७ ला पुस्तक लिहिलं, की देवावर असं प्रेम शक्य आहे की ज्यात आपल्या सुखाची इच्छासुद्धा उरत नाही. १६९९ ला पोपनं त्या पुस्तकातली तेवीस विधानं चुकीची ठरवली. त्यानं निमूटपणे मान्य केलं.

बघा म्हणजे, निरपेक्ष प्रेम शिकवतो म्हणून धर्मानंच माणसाला गप्प केलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता मला. आता तेवढा येत नाही. सामान्य माणसाला तू स्वतःच्या सुखाची आशाच सोड म्हणणं हा पण एक प्रकारचा अहंकार होऊ शकतो, आणि दिवसभर राबून आलेल्या बाईला रात्री प्रार्थनेत थोडी आशा वाटली तर तिची नीती लगेच भेसळीची झाली असं म्हणणारा मी कोण?

पण माझा खरा आक्षेप वेगळ्या जागी आहे. मत्तयाचा पंचविसावा अध्याय, मेंढरं आणि शेरडं. शेवटच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना, म्हणजे मेंढरांना, म्हणतो, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं, परका होतो तुम्ही घरात घेतलं, तुरुंगात होतो तुम्ही भेटायला आला. आणि ते लोक काय म्हणतात? ते चक्रावतात. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला बघितलं? राजा म्हणतो, या लहानातल्या एकासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं; आणि ज्यांनी केलं नाही ती शेरडं अनंतकाळच्या अग्नीत. त्यांना माहीतच नव्हतं! त्यांनी भुकेला माणूस बघितला, भाकरी दिली, विषय संपला. त्यांना प्रतिफळ मिळतं, पण ते त्यांच्या ध्यानीमनी पण नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे आपण कोल्हापुरात बघितलंय. पंचगंगा धोक्याच्या त्रेचाळीस फुटांच्या कितीतरी वर गेलेली, चिखली-आंबेवाडी पाण्यात, आणि गल्लोगल्ली बायका चपात्या लाटत बसलेल्या, पोरं गळाभर पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर आणतायत, त्यातल्या एकालाही विचारलं असतं की का करतोयस तर काय म्हणला असता, आता करायला नको होय? एवढंच. त्यात कोण स्वर्ग मानणारा, कोण न मानणारा, कुणी विचारलं पण नाही. पाणी उतरायच्या आत मदतीच्या पाकिटांवर फोटोचे स्टिकर पण आले, ते पण आपणच बघितलं, त्यांना मत्तयाच्या सहाव्या अध्यायानुसार त्यांचं प्रतिफळ इथंच मिळून गेलंय, मी जास्त बोलत नाही.

तर अडचण कुठं आहे, की हा पंचविसावा अध्याय आता आपण सगळ्यांनी वाचलाय. त्या मेंढरांना प्रश्नपत्रिका माहीत नव्हती, आपल्याला ती फुटलीय. भुकेला म्हणजे राजा आहे हे कळल्यावर मी भाकरी कुणाला देतोय, त्याला का राजाला? म्हणून जो उपदेशक हाच अध्याय वाचून, अनंतकाळच्या अग्नीचं वर्णन करून, घाम फोडून लोकांना गोरगरिबांना मदत करायला लावतो ना, तो त्या गोष्टीत ज्या गुणाचं कौतुक आहे तोच गुण मारून टाकतो. गोष्ट तीच, पण सांगायची तऱ्हा तिचा जीव घेते. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रतिफळ असण्यानं नीती बिघडत नाही, प्रतिफळाचं आमिष करून नीती शिकवली की बिघडते.

मग नरक, न्यायाचा दिवस, हे सगळं कशाला आहे? इथं लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घ्या, श्रीमंत माणूस आणि दारात पडलेला लाजर. लाजराच्या अंगावर फोड, कुत्री येऊन चाटतात, आत रोज मेजवान्या. दोघं मरतात, लाजर वर मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी, श्रीमंत आगीत. आता नीट वाचा, लाजरानं काय पुण्य केलं? काहीही नाही लिहिलेलं. तो भला होता का, प्रार्थना करायचा का, एक शब्द नाही. त्याला मिळालं ते बक्षीस नाहीच, ती भरपाई आहे. कांटचं मघाशी म्हटलं ते हेच. ज्याची जमीन भावकीनं खाल्ली आणि जो कोर्टाच्या तारखा मोजत मेला, त्याच्यासाठी न्यायाचा दिवस हे गाजर नाही आणि छडी पण नाही, ती त्याची राहिलेली तारीख आहे. आपण पोट भरलेली माणसं नरकाचा विचार 'मला काय होईल' असा करतो, म्हणून तो हिशेबी वाटतो.

आणि त्या गोष्टीचा शेवट तर फारच धारदार आहे. आगीतला श्रीमंत म्हणतो, माझे पाच भाऊ आहेत, लाजराला पाठव, त्यांना सावध करू दे. म्हणजे नरकाची भीती घाला, सुधारतील. अब्राहाम चक्क नाही म्हणतो. त्यांच्याकडं मोशे आणि संदेष्टे आहेत, म्हणजे त्यांचं लिहिलेलं शास्त्र आहे, त्यांचं ऐकत नसतील तर मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत. भीतीनं माणसं सुधारतात ही कल्पना नरकातल्या माणसाच्या तोंडी आहे आणि शुभवर्तमानात ती फेटाळलेली आहे! एवढं स्पष्ट असून दोन हजार वर्षं आपण त्या श्रीमंताचीच सूचना अमलात आणतोय.

(इथून पुढं श्रोत्यांचे प्रश्न झाले, त्यातले दोन देतोय.)

मागं बसलेल्या एका काकांनी विचारलं, सर, भीती काढली तर लोकं मोकाट सुटतील की ओ.

काका, भीती होती तेव्हा तरी कुठं बांधलेली होती? ज्या युरोपात नरकावर सगळ्यात पक्का विश्वास होता तिथंच माणसं जाळली. संत ऑगस्टीनसारखा एवढा मोठा धर्मपंडित, त्यानं 'त्यांना आत येण्यास भाग पाडा' हे लूकमधलं वाक्य काढून वेगळ्या पंथाच्या लोकांवर सक्ती योग्य ठरवली. समोरच्याला अनंतकाळच्या आगीपासून वाचवायचं असेल तर थोड्या वेळाची आग काहीच नाही, असा हिशेब मांडता येतो, मांडला गेलाय, १५५३ ला जिनिव्हात चर्चपेक्षा वेगळं मत मांडणाऱ्या सर्वेटस नावाच्या माणसाला जिवंत जाळलं ते धार्मिक माणसांनीच. भीतीनं चोर थोडा थांबत असेल, मान्य, पोलीस पण तेच करतात. त्याला मी कायदा सुव्यवस्था म्हणेन.

एका ताईंचा प्रश्न होता, त्या रविवारची शाळा घेतात. मग आम्ही मुलांना बक्षीस द्यायचं का बंद करायचं?

नाही हो, बक्षिसं द्या की. सुवर्णवचन पाठ केलं तर रंगीत कार्ड द्या, आम्हाला पण मिळायची, मेंढपाळाचं चित्र आणि खाली वचन, मी तर डाव्या हाताला कळू देऊ नको हेच वचन म्हणून दाखवून कार्ड मिळवलंय, वर टाळ्या घेतल्या. ते पाठांतराचं बक्षीस आहे, पाठांतराला खुशाल द्यावं. पण वर्गातल्या एखाद्या पोरानं शेजारच्याला आपला अर्धा डबा दिलेला दिसला तर त्याला स्टेजवर बोलावू नका, कार्ड पण देऊ नका. घरी सांगायचंच असेल तर त्याच्या आईला एवढंच सांगा की उद्यापासून दोन चपात्या जादा घाल.