लसीनंतर बाळाला काही झालं, तर दाद कुठे मागायची?

नमस्कार, श्रोतेहो.

मागे एक जोडपं माझ्या ऑफिसात आलं होतं. बाईंच्या हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. माता-बाल संरक्षण कार्ड, मेडिकलच्या दोन पावत्या आणि एका डबीत ठेवलेल्या काळ्या मनगट्या. दीड महिन्याचं बाळ लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. संध्याकाळपर्यंत गावकऱ्यांनी त्याला मातीही दिली. या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. "मॅडम, केस होईल का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी लगेच हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे गैरसमज नको. लसीनंतर झालं म्हणजे लसीमुळेच झालं, असं नसतं. आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दीड महिन्याच्या वयात बाळं इतर कारणांनीही दगावतात, आणि नेमक्या त्याच वयात बऱ्याच लसी असतात. माझ्या घरातल्या सगळ्या मुलांचं लसीकरण झालंय, आणि तुम्हीही ते टाळू नका. पण कावळ्यामुळे फांदी मोडली की नाही, हे कुणीतरी तपासून आई-बापाला सांगायला हवं. तो त्यांचा हक्क आहे.

ही तपासणी करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. सरकारी भाषेत अशा घटनेला 'एईएफआय' म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना. मृत्यू झाला, दवाखान्यात भरती करावं लागलं, अपंगत्व आलं, किंवा एकाच ठिकाणी बऱ्याच मुलांना त्रास झाला, तर ही गंभीर घटना समजतात. आशाताई, सिस्टर किंवा डॉक्टरांनी ती कळवायची, जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांनी चौकशी करायची, आणि मग तज्ज्ञांच्या समितीने कारण ठरवायचं. समिती घटनेला एक अक्षर देते. 'ए' म्हणजे लसीशी किंवा लस देण्याशी संबंध जुळतो. 'बी' म्हणजे नक्की ठरत नाही. 'सी' म्हणजे योगायोग. आणि 'डी' म्हणजे माहितीच अपुरी. 'ए'मध्येही पोटभेद आहेत: लसीचा मूळ गुणधर्म, लसीच्या दर्जातला दोष, देणाऱ्याची चूक, आणि सुईच्या भीतीने आलेली भोवळ.

वकील म्हणून माझं सगळं लक्ष या पोटभेदांवर असतं, कारण आपला कायदा आधी विचारतो, चूक कुणाची?

देणाऱ्याची चूक घ्या. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं बचावली. अशा ठिकाणी निष्काळजीपणा सिद्ध करायला फार खटपट लागत नाही. आणि सरकारी कर्मचाऱ्याने कामावर असताना चूक केली, तर भरपाई सरकारने द्यायची. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या खटल्यात सांगितलं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहून गेला होता आणि ती दगावली. खालच्या कोर्टाने दिलेले ३६ हजार रुपये कायम झाले. घटना कधीची होती, माहितेय? १९६३ सालची! तेहेतीस वर्षं. दिवाणी दाव्याची वाट सांगताना हा आकडा मी कुणापासून लपवत नाही.

ग्राहक आयोगाचं दार जरा हलकं उघडतं. पण लस कुठे घेतली, यावर ते ठरतं. सरकारी केंद्रात सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा १९९५ चा निकाल आहे. खाजगी दवाखान्यात पैसे मोजून टोचून घेतलं असेल, तर जिल्हा आयोगात जाता येतं. दवाखाना इतरांकडून पैसे घेतो आणि तुम्हाला फुकट टोचलं, तरीही जाता येतं. १९९८ साली असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ती लस नव्हती, तापाच्या पोराला नर्सने शिरेतून दिलेलं इंजेक्शन होतं. पोराच्या मेंदूला कायमची इजा झाली. पोराला साडेबारा लाख, आणि आई-वडिलांना वेगळे पाच लाख, ही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई न्यायालयाने कायम केली. आई-वडीलसुद्धा ग्राहकच आहेत, हे तेव्हा पक्कं झालं.

लसच सदोष असेल, तर उत्पादक कंपनीला जबाबदार धरायची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मात्र त्यासाठी बॅच नंबर लागतो. खाजगी डॉक्टर पुष्कळदा कुपीवरचं स्टिकर फाईलला चिकटवतात. सरकारी कार्डावर मात्र बहुतेक वेळा तारीख असते, बॅच नसते. तो नंबर केंद्राच्या नोंदीत असतो. बाळ लस घेऊन अर्धा तास तिथे बसलेलं असतं, तेव्हा सिस्टरना विचारून कार्डावर लिहून घ्या. सिस्टर एखादवेळ वैतागतील. वैतागू द्या.

पोलिसात तक्रार करावी का, असंही लोक विचारतात. करता येते, पण त्यातून भरपाई मिळत नाही, आणि डॉक्टरवर गुन्हा चालवायला दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. रागाच्या भरात ते दार आधी ठोठावू नका.

आता खरी अडचण. लस चांगली होती, सुई नीट टोचली, शीतसाखळी, म्हणजे लस सतत थंड ठेवायची व्यवस्था, तुटली नव्हती, तरीही लाखातल्या एखाद्या बाळाच्या शरीराला ती सोसली नाही. म्हणजे लसीशी संबंध आहे, पण चूक कुणाचीच नाही. अशा आई-बापाने दावा कुणावर लावायचा? अमेरिकेत यासाठी १९८६ साली कायदा झाला आणि १९८८ पासून निधी सुरू झाला. लसीच्या डोसमागे, तिच्यातल्या प्रत्येक रोगासाठी ७५ सेंट कर घेतात आणि त्यातून भरपाई देतात. चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा प्रामाणिक असेल तर हरल्यावरही वकिलाची फी त्याच निधीतून मिळते. एक वकील म्हणून मला याचा हेवा वाटतो, हे कबूल करते. ब्रिटनमध्ये गंभीर अपंगत्व आलं तर एकरकमी १ लाख २० हजार पौंड देतात. बाळांच्या नेहमीच्या लसींसाठी आपल्याकडे असा कायदा नाही. कोविडच्या लसीवरून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२२ च्या प्रतिज्ञापत्रात केंद्राचं म्हणणं असं होतं की लस ऐच्छिक होती, ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी कोर्टात जावं. सगळ्यांच्या भल्यासाठी सगळ्यांना टोचायचं आणि ज्या एकाला बाधलं त्याला कोर्टाची पायरी दाखवायची, हे मला पटत नाही.

मुदतीचं ऐका, इथेच माणसं फसतात. मृत्यूच्या भरपाईचा दिवाणी दावा दोन वर्षांत करावा लागतो. ग्राहक आयोगातही दोन वर्षं, पण तिथे सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. मूल जगलं आणि अपंगत्व आलं, तर त्याच्या स्वतःच्या दिवाणी दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजायला लागतात.

कागद मात्र पहिल्याच आठवड्यात गोळा करा. दवाखान्याकडे केसपेपर लेखी मागितले, तर ७२ तासांत द्यायला हवेत, असा डॉक्टरांचा नियम आहे. आणि बोलायला जड जातं, पण सांगते. बाळ गेलं असेल तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

त्या जोडप्याची दोन वर्षं उलटली होती. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज तेवढा मी करून दिला. महिन्याभरात उत्तर आलं. सिस्टरने त्याच दिवशी रात्री घटना कळवली होती, फॉर्म भरला होता, समितीपुढे प्रकरण गेलंही होतं. तीन वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पानावर अक्षर होतं 'डी'. पुढे कारण: शवविच्छेदन नाही, माहिती अपुरी.

बाईंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि कार्डाच्या घडीत ठेवला.