हिरव्या त्रिकोणाखालची माती

(दृश्य : गरम पाण्यात ठेवलेला मातीचा डबा, वरून)

डब्याभोवतीच्या पाण्याचे तापमान ५५ अंश सेल्सिअस आहे. ऊब बुडाकडून वर चढते आहे, आणि मातीत दडलेली गांडुळांची पिल्ले तिच्यापुढे सरकत पृष्ठभागावर येत आहेत. साधारण वीस मिनिटांत बहुतेक सगळी वर येतात. चिमट्याने एकेक उचलायचे, बशीत ठेवायचे, मोजायचे. या डब्यात कोणतेही रसायन नाही, हा तुलनेचा डबा. यात निदान ३० पिल्ले निघाली पाहिजेत. नाही निघाली तर कीडनाशक मातीतल्या जिवांना किती घातक, हे पाहणारी आठ आठवड्यांची सगळी चाचणी बाद.

(दृश्य : शेजारचा डबा)

या डब्यात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळले होते, किलोभर कोरड्या मातीला अवघे काही मिलिग्रॅम. वर येणारी पिल्ले किती विरळ आहेत ते दिसतेच आहे.

(दृश्य : बुरशीनाशकाच्या पुड्यावरचा हिरवा त्रिकोण)

आणि हा त्याचा पुडा. आपल्याकडे प्रत्येक कीडनाशकाच्या वेष्टनावर असा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. हा रंग ठरतो उंदरांवरच्या चाचणीवरून : किती मात्रा पोटात गेली की निम्मे उंदीर मरतात, त्यावरून. फवारणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती खूण मोलाची आहे. पण फवारा ज्या मातीवर पडतो, तिच्यातल्या जिवांबद्दल तो त्रिकोण काहीच सांगत नाही. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशींचे विभाजन रोखते. विभाजनासाठी पेशीत जे सूक्ष्म धागे विणले जातात, त्यांच्या प्रथिनाला ते चिकटते. गांडुळाचे हेच प्रथिनही त्याच्या तावडीत सापडते. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा गांडुळांच्या चाचणीत हेच रसायन पडताळणीसाठी वापरतात. किलोला १ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान पिल्लांची संख्या घटली नाही, तर चाचणी करण्यातच कुठेतरी चूक आहे, असे धरतात.

(दृश्य : वाळू, केओलिन आणि कोकोपीटचे वजन)

ही चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २२२ क्रमांकाच्या पद्धतीने होते. आधी माती तयार करायची. शेतातली नव्हे, ठरलेल्या घटकांची कृत्रिम माती, म्हणजे कुठल्याही देशातला आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. साधारण ७० टक्के बारीक वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती, १० टक्के पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. पीटऐवजी कोकोपीट घेतले तर ते आधी गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागते. नारळाच्या भुशात क्षार असतात, आणि क्षारांनी मेलेले गांडूळ कीडनाशकाच्या खात्यावर जाते. मिश्रणाचा सामू ६ च्या आसपास आणायचा. पीटमुळे तो खाली जातो, तो कॅल्शियम कार्बोनेटने वर आणतात.

(दृश्य : गांडुळांचे वजन)

गांडूळ आयसेनिया फेटिडा, गांडूळखताच्या वाफ्यातले तांबडे. शरीरावरचा जाड पट्टा स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणजे ते वयात आलेले. वजन २५० ते ६०० मिलिग्रॅम. सगळी एकाच वाढीची हवीत, जन्मात चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. वाफ्यातून काढून थेट चाचणीत टाकले की गोंधळ होतो; त्यांना एक दिवस आधी त्याच कृत्रिम मातीत राहू द्यायचे. मग धुवायचे, टिपकागदावर ठेवायचे, तोलायचे, दहा-दहा करून डब्यात सोडायचे.

पाच मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार डबे, आणि बिनरसायनाचे आठ. म्हणजे २८ डबे, २८० गांडुळे. प्रत्येक डब्यात ५००–६०० ग्रॅम कोरडी माती आणि तिच्या जलधारण क्षमतेच्या ४० ते ६० टक्के पाणी. मूठ दाबली तर पाणी गळता कामा नये. प्रत्येक डब्याचे वजन लिहून ठेवायचे. आठवड्याने पुन्हा तोलायचे, जितके कमी भरेल तितके पाणी घालायचे. खाणे म्हणून वाळवून कुटलेले शेण, पण ते जनावरांना औषध न दिलेल्या गोठ्यातलेच. जंताचे औषध दिलेल्या जनावराच्या शेणाने चाचणी वाया जाते. तापमान २० अंश, दोन अंश इकडेतिकडे. आणि दिवसाचे १६ तास दिवा : उजेड असला की गांडूळ मातीत राहते, झाकणाकडे चढत नाही.

चार आठवड्यांनी प्रौढ गांडुळे बाहेर काढतात. किती जगली, वजन किती घटले, हे नोंदवतात. त्यांनी घातलेले अंड्यांचे कोष मात्र तिथेच, आणखी चार आठवडे. मग तो गरम पाण्याचा टप्पा, जो सुरुवातीला पाहिला.

जुनी चाचणी १९८४ सालची आणि १४ दिवसांची होती. तिच्यात फक्त मेलेली गांडुळे मोजायची. खरी अडचण तिथेच होती. ब्रिटनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तांब्यावरच्या प्रयोगात निम्मी गांडुळे मरायला किलोला ६०० मिलिग्रॅमहून जास्त तांबे लागले. कोषांची संख्या निम्म्यावर यायला मात्र ५० ते ६० मिलिग्रॅम पुरले. दहापटीहून मोठे हे अंतर. मृत्यू मोजणाऱ्याला जी माती सुरक्षित वाटते, तिच्यात पुढची पिढीच जन्मत नाही.

(दृश्य : काळ्या पाण्यावर तरंगणारे पांढरे ठिपके)

हे कोलेंबोला, मातीत राहणारे इवलेसे सहा पायांचे जीव. फोल्सोमिया कॅन्डिडा : पांढरे, आंधळे, दोन-तीन मिलिमीटरचे, नराशिवाय पिल्ले देणारे. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाच्या भुकटीच्या थरावर ते वाढवतात, खायला कोरडे यीस्ट. चाचणीला ९ ते १२ दिवसांचे दहा जीव, ३० ग्रॅम माती, २८ दिवस. शेवटी मातीत पाणी ओतून हलके ढवळायचे. यांचे अंग पाण्याने भिजत नाही, म्हणून ते तरंगतात. पाण्यात काळ्या शाईचे थेंब टाकले की पांढरे ठिपके उठून दिसतात. वरून फोटो काढायचा आणि मोजायचे. तुलनेच्या डब्यात निदान १०० पिल्ले हवीत.

बुरशीनाशकाचा घाव गांडुळावर बसतो, तसा कीटकनाशकाचा यांच्यावर. कोलेंबोला कीटकांचे जवळचे नातलग. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक कीटकाच्या मज्जातंतूंत जे विकर बंद पाडते, तेच यांच्यातही असते. एकाच जातीवर चाचणी घेऊन माती सुरक्षित ठरवता येत नाही, ते यासाठी.

(दृश्य : डाळिंबाच्या आळ्यात आळवणी)

आता शेतातला हिशोब. मर रोगासाठी डाळिंबाच्या खोडाशी आळवणी होते. समजा ५० टक्के कार्बेन्डाझिमची पावडर लिटरला १ ग्रॅम आणि झाडाला ५ लिटर द्रावण. म्हणजे अडीच ग्रॅम शुद्ध रसायन. ते चौरस मीटरभर जागेत, वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये राहिले तर ती माती सुमारे ७५ किलो. किलोला ३३ मिलिग्रॅम. चाचणीतली मात्रा १ ते ५ होती. पानांवर फवारलेले रसायन शेतभर विखुरते. आळवणीत ते नेमके मुळाशी साचते, आणि ओलावा असल्याने गांडुळेही तिथेच गोळा झालेली असतात.

(दृश्य : पहाटे, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाची तयारी)

धातूंची गोष्ट वेगळी. कार्बेन्डाझिम काही महिन्यांत विघटित होते, तांबे कधीच होत नाही. १८८५ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या बागांमध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण द्राक्षाच्या केवडा रोगावर प्रभावी असल्याचे जाहीर केले, आणि नाशिक-सांगलीच्या बागांत ते आजही तयार होते. एक टक्क्याचे करायला एका प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, दुसऱ्यात ५० लिटरमध्ये १ किलो कळीचा चुना विरवून, गाळून. लोखंडी किंवा जस्ती भांडे नको, तांबे त्यावर बसते. दोन्ही धारा एकदम तिसऱ्या पिंपात सोडायच्या. मग लोखंडी खिळा बुडवून पाहायचा : त्यावर तांबडा थर आला तर आम्लता उरली आहे, चुन्याची निवळी वाढवा, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे. हेक्टरी हजार लिटर फवारले तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे. हेक्टरभराची वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे २० लाख किलो. भागाकार केला की एका फवारणीत किलोला सव्वा मिलिग्रॅम. पानावर राहिलेलेही छाटणीनंतर खालीच येते. वर्षाला चार फवारण्या धरल्या तर हेक्टरी १० किलो तांबे. युरोपीय संघाने २०१९ पासून मर्यादा घातली ती हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची, म्हणजे सरासरी वर्षाला चार. आपल्या द्राक्षांच्या मण्यातले अवशेष निर्यातीआधी काटेकोर तपासले जातात. वेलीखालची माती तशी तपासली जात नाही, ती तपासली गेलीच पाहिजे. मृदा आरोग्य पत्रिकेत तांबे आहे, बारा निकषांपैकी एक. पण ही पत्रिका शोधते कमतरता : किलोला ०.२ मिलिग्रॅमहून उपलब्ध तांबे जास्त, की 'पुरेसे'. किती झाले म्हणजे अति, हे ती विचारत नाही.

एक खबरदारी. दख्खनच्या काळ्या मातीत बेसाल्टमुळे मुळातच तांबे भरपूर. एकूण तांबे किलोला शंभर मिलिग्रॅमच्या घरात असले तर नवल नाही. ते खनिजात बांधलेले असते आणि चुनखडीची विम्ल (अल्कधर्मी) माती नव्यानेही बरेच धरून ठेवते. म्हणून आपल्या शेताचा आकडा कृत्रिम मातीतल्या ५०–६० शी थेट जुळवू नका. तो जुळवायचा त्याच शेताच्या, कधी न फवारलेल्या बांधाच्या मातीशी.

(दृश्य : काच लावलेल्या पेटीत कांद्याची मुळे)

वनस्पतीतही हाच धडा. तांबे असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही मातींत कांद्याचे बी सारखेच उगवले आहे, कारण बीजावरण धातू रोखून धरते. उगवणीची टक्केवारी पाहून थांबलो तर फसलो. मुळे पाहा : तांब्याच्या मातीत टोके तपकिरी, मुख्य मूळ खुरटे, उपमुळे आखूड आणि जाड. तांबे लोह घेण्यात अडथळा आणते, म्हणून वर पाने पिवळी. जुन्या वेलीची मुळे खोल असतात, तिला वरच्या थराची झळ कमी लागते. बाग मोडून कांदा किंवा टोमॅटो लावला की त्याची मुळे नेमकी त्या थरात. पिवळी पाने पाहून फेरस सल्फेट फवारण्याआधी एक रोप उपटून मुळे धुवून पाहावीत.

इंग्लंडमध्ये विस्बेचजवळच्या सफरचंदाच्या बागांत दशकानुदशके बोर्डो फवारल्यावर गांडुळे नाहीशी झाली आणि न कुजलेल्या पानांचा थर जमिनीवर साचत गेला. १९६१ साली त्याची नोंद झाली.

(दृश्य : बोदाच्या, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्याच्या, कडेला खड्डा, गोणपाटावर पसरलेली माती)

आपल्या शेतात मोजणी करायची तर पावसाळ्यात, जमीन वाफशावर असताना, सकाळी. मे महिन्यात नको. तेव्हा लॅम्पिटो मॉरिटीसारखी आपली गांडुळे खोल जाऊन निपचित असतात, आणि शून्याचा दोष उगाच औषधावर येतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा. माती गोणपाटावर काढून हाताने फोडायची. पाच खड्डे बोदावर, पाच बांधावर. मोठी गांडुळे, पट्टा न आलेली लहान, आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान असे पिवळसर कोष, तिन्हींची नोंद वेगळी. बोदावर मोठी आहेत पण लहान आणि कोष नाहीत, असे आढळले तर त्या बोदाच्या वरच्या १५ सेंटिमीटरची आणि बांधाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, आणि प्रयोगशाळेला उपलब्ध तांब्याबरोबर एकूण तांबेही मोजायला सांगा.