पहिले चोवीस तास

“पोराला उचललं.” वस्तीत हा निरोप येतो तेव्हा बहुतेकदा रात्र झालेली असते. आज मला त्या रात्रीबद्दलच बोलायचं आहे, कारण पुढचं बरंच काही तेव्हाच ठरतं.

नववीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. हातगाडीवरून मोबाइल चोरल्याचा आळ होता. मी पोलीस ठाण्यात पोहोचले तेव्हा तो लॉकअपच्या दाराशी फरशीवर बसला होता. एका कागदावर त्याची सही घेऊन झाली होती. अंगापिंडाने थोराड, म्हणून डायरीत वय लिहिलं होतं १९. बाकावर त्याची आई जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्याखाली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत शाळेचा जन्मतारखेचा दाखला. तो दाखवायचा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

बायांनो, तो दाखला म्हणजे सगळं काही. वयासाठी २०१५च्या बाल न्याय कायद्याने क्रम लावून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही.

वय अठराच्या आत ठरलं की बाकीचे नियम आपोआप लागू होतात. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत, कबुली द्यायला भाग पाडता येत नाही, जबाबावर सही मागता येत नाही. चौकशी बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने करायची, तीही साध्या कपड्यांत. हा अधिकारी प्रत्येक ठाण्यात असायला हवा. त्याचं नाव विचारा, बिचकू नका. आईबापांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. मोबाइलचोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात मूल एकटंच असेल, सोबत मोठा माणूस नसेल, तर एफआयआरही होत नाही. डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, एवढंच.

जामिनाबद्दल लोक चिडून विचारतात, २०२४च्या पुण्यातल्या पोर्शे प्रकरणानंतर तर फारच; त्या अपघातात गाडी चालवल्याचा आरोप एका अल्पवयीन, श्रीमंत घरातल्या मुलावर होता. दोन तरुण जीव गेले, तो राग मला समजतो. पण त्या मुलाला जामीन मिळाल्यानंतर पुन्हा ताब्यात घेऊन निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशीच्या काळात मुलांना ठेवतात त्या गृहात ठेवलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडायचं हाच नियम आहे. सुटल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला वा मनाला धोका होईल किंवा न्यायालाच बाधा येईल, असं वाटलं तरच अडवायचं. हे श्रीमंताच्या मुलाला मिळतं, तर आपल्या मुलालाही मिळालंच पाहिजे. माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी.

त्या रात्री आईने पिशवीतून दाखला काढला. घड्या झिजून तो मधोमध फाटला होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. अधिकाऱ्याने ती दोनदा वाचली आणि १९ खोडून १५ लिहिलं. सकाळी मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसले होते, आपल्याच उंचीच्या खुर्च्यांवर. दुपारी मुलगा आईबरोबर घरी गेला. डबा अजून तसाच भरलेला होता.