रक्त पातळ करायची गोळी

नमस्कार श्रोतेहो. कुणाची हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असते. अशांना डॉक्टर रक्त पातळ करायची गोळी देतात, वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल. ती कशी घ्यायची ते सांगतो, पण आधी तिची जन्मकथा. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, बाहेर हिमवादळ. एका शेतकऱ्याची जनावरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्याने गाडीत मेलेली कालवड टाकली, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त भरलं, सोबत खराब झालेला चारा घेतला आणि ३०० किलोमीटर तुडवत राजधानीचं शहर मॅडिसन गाठलं. शनिवार होता, पशुवैद्यकीय कचेरी बंद. शेवटी विद्यापीठात जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं दार उघडं सापडलं. (आपल्याकडे शनिवारी दुपारी कुठलं दार उघडं असतं, सांगा बरं!) चारा होता स्वीट क्लोव्हरचा, भिजून बुरशी आलेला. भिजला म्हणून फेकून द्यायची ऐपत नव्हती, तोच जनावरांना घातलेला. भिजलेल्या कडब्यापुढे उभा राहिलेला आपला शेतकरी हे जाणतो. त्या चाऱ्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढायला लिंक यांच्या चमूला १९३९ उजाडलं. त्याचाच भाऊबंद म्हणजे वॉरफरिन. १९४८ साली ते उंदीर मारायला बाजारात आलं! १९५४ साली माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर हेच औषध दिलं गेलं.

तर, जनावरं मारणारं तेच द्रव्य मापात दिलं की माणूस वाचतो. म्हणून माप महत्त्वाचं. माप कळतं आय.एन.आर. तपासणीतून, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या रक्ततपासणीतून. बहुतेकांचा आकडा २ ते ३ हवा, काही झडपांना थोडा जास्त. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. तपासणी चुकवू नका. पुन्हा सांगतो, बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका.

मेथी, पालक बंद करायची गरज नाही. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, म्हणून रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. आठवडाभर भाजी नाही आणि मग एकदम पालकाचा सपाटा, असं नको. गुडघा दुखतोय म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक आणू नका. मोबाइलवर आलेले काढे तर नकोतच. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी गोळीचं सांगा, आपल्या मनाने ती बंद करू नका.

गोळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका, दोन एकदम नाहीच. वहीत लिहा, डॉक्टरांना सांगा.

शौचाला काळी झाली, लघवी लाल झाली, हिरड्यांचं रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना गाठा. डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरीही जा, कारण आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि जाताना गोळ्यांची पट्टी खिशात टाका.